रनटाइमला जावा कोड बनवून तिथल्या तिथे कंपाइल करायचाय: कंपायलर कुठला, जॅनिनो, ईसीजे (एक्लिप्सचा) की जेडीकेचाच (जावाच्या डेव्हलपर किटचा) जावॅक?

अंधेरी_सीप्झ

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

आमचं ब्रोकिंगचं बॅक-ऑफिस सॉफ्टवेअर आहे, स्प्रिंग बूट, जावा १७. ब्रोकरेज, एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर), स्टँप ड्युटी, जीएसटी वगैरे सगळे चार्जेस रूल म्हणून डेटाबेसमध्ये ठेवलेत, ऑपरेशन्सची माणसं स्क्रीनवरून बदलतात. हे असंच ठेवणं भाग आहे कारण दर बदलतच राहतात, म्हणजे बघा २०२४ च्या १ ऑक्टोबरला ऑप्शन विक्रीचा एसटीटी ०.०६२५ टक्क्यांवरून ०.१ टक्का झाला आणि फ्युचर्सचा ०.०१२५ वरून ०.०२, त्याच दिवसापासून एक्स्चेंजचे स्लॅबवाले चार्जेस जाऊन सगळ्यांना सारखा दर आला. अशा वेळी रिलीज काढत बसलो तर मेलो.

आत्ता रूलचं एक्स्प्रेशन एकदा पार्स करून ट्री कॅश करतो आणि प्रत्येक ट्रेडला तो ट्री चालवतो. चालतं, पण एक्स्पायरीच्या दिवशी रात्रीचा रन इतका लांबतो की सकाळी सपोर्टवाल्यांचे फोन सुरू, कॉन्ट्रॅक्ट नोट २४ तासांत क्लायंटला गेली पाहिजे आणि आम्ही इथे ट्री फिरवत बसलोय. प्रोफायलर लावला तर बहुतेक सीपीयू त्या इंटरप्रिटरमध्येच आणि हॅशमॅपमधून फील्ड शोधण्यात जातोय.

म्हणून ठरवलं की रूलमधून सरळ जावा सोर्स बनवायचा, मेमरीत कंपाइल करायचा, क्लास लोड करायचा आणि वापरायचा. सुरुवात जावा ६ पासून जे कंपायलरचं एपीआय जेडीकेतच आहे त्याच्यापासून केली. माझ्या लॅपटॉपवर मस्त. टेस्ट सर्व्हरवर टाकलं तर गेटसिस्टमजावाकंपायलर सरळ नल देतंय. मग जेडीकेची इमेज टाकून बघितली तर आमचे स्वतःचेच क्लास सापडत नाहीत, "पॅकेज अस्तित्वात नाही" असा एरर, आणि वरून सिक्युरिटीवाले म्हणतात प्रॉडला (खऱ्या कामाच्या सर्व्हरवर) जेडीके नको. तर आता जॅनिनो घ्यावा का ईसीजे का अजून काही? कोणी प्रॉडमध्ये वापरलंय का? नुसत्या गूगलवरच्या लिंका नकोत, वापरलेल्यांनी बोला प्लीज.

ठाणेकर_थ्रेड

भावा तुझे दोन्ही प्रॉब्लेम वेगवेगळे आहेत, एकत्र करू नकोस.

नल येतोय कारण जेआरईच्या (फक्त जावा चालवायच्या किटच्या) इमेजमध्ये कंपायलरचा नुसता इंटरफेस असतो, कंपायलर नसतो. जावा.कंपायलर नावाचं मॉड्यूल असतं त्यामुळे तुझा कोड बिनातक्रार लोड होतो, आणि खरा जावॅक ज्याच्यात आहे ते जेडीके.कंपायलर मॉड्यूल तिथे नसतं. म्हणून क्लास-नॉट-फाउंड वगैरे काही न येता गुपचूप नल. सिक्युरिटीवाल्यांना विचार की आक्षेप नक्की कशाला आहे, कारण जेलिंकने स्वतःचा रनटाइम बनवून त्यात फक्त ते एक मॉड्यूल जास्तीचं घालता येतं, पूर्ण जेडीके न्यायची गरज नाही. कधी कधी त्यांच्या स्कॅनरला "जेडीके" हे नाव दिसतं एवढाच आक्षेप असतो 😀

दुसरा प्रॉब्लेम फॅट जारचा (सगळं ॲप एकाच फाइलीत). जावॅक क्लास शोधतो तो क्लासपाथवरच्या फाइलींमधून, तुझ्या क्लासलोडरला (ॲपमध्ये क्लास आणून देतो त्याला) तो विचारतच नाही. आणि स्प्रिंग बूटच्या जारमध्ये तुझ्या लायब्ररी जारच्या आत जार अशा बसलेल्या असतात, त्या जावॅकला उघडता येत नाहीत. लॅपटॉपवर इंटेलिजे सगळं सुटं-सुटं क्लासपाथवर देतो म्हणून तिथे चालतं. उपाय दोन. एक म्हणजे डिप्लॉय करताना जार सोडवून ठेवायचा, बूट ३.३ पासून त्याला जारमोड टूल्सचा एक्स्ट्रॅक्ट आहे. दुसरा म्हणजे स्वतःचा फाइल मॅनेजर लिहायचा, त्यात लिस्ट आणि इन्फरबायनरीनेम ओव्हरराइड करून पॅकेजमधले क्लास स्वतःच शोधून द्यायचे. दुसरा मी केलेला आहे, नंतर बूट ३.२ ला त्यांनी लोडर नव्याने लिहिला आणि आतल्या जारच्या यूआरएलचं रूपच बदललं, झालं, पुन्हा सगळं उघडून बसा. परत कोणी सांगितलं तर नाही करणार.

भाषेचं सांगायचं तर जावॅकसारखा दुसरा नाही, ते ओघानेच आलं. जे जेडीके तेच सगळं, लॅम्डा (बिननावाची फंक्शन्स), रेकॉर्ड काय हवं ते. फक्त पहिलं कंपाइल सावकाश होतं, कारण जावॅक स्वतः जावातच लिहिलेला, तो गरम व्हायला वेळ घेतो.

जुना_जावावाला

जॅनिनो. पुढे वाचायची गरज नाही. (गंमत केली, वाचा.)

तुमचं काम ज्या जातीचं आहे त्याच जातीचं काम स्पार्क (मोठ्या डेटाचं इंजिन) करतो. स्पार्क २.० पासून क्वेरीचा मोठा तुकडा एका जावा क्लासमध्ये बदलून जॅनिनोने कंपाइल करतात, कॅल्साइटमध्ये जॅनिनो, फ्लिंकच्या एसक्यूएलमध्ये जॅनिनो, लॉगबॅकच्या कॉन्फिगमध्ये इफ-कंडिशन लिहिलीत तर तिथेही पूर्वी तोच लागायचा. कारण साधं आहे. जार छोटा, जेडीके लागत नाही, आणि मुख्य म्हणजे तो क्लास शोधायला तुम्ही दिलेल्या पेरेंट क्लासलोडरलाच विचारतो. वरच्या ठाणेकरांनी फाइल मॅनेजरची जी कहाणी सांगितली ती अख्खी इथे एका ओळीत संपते, पेरेंट क्लासलोडर सेट करा, फॅट जार असो नाहीतर काही असो, ॲपला जो क्लास दिसतो तो जॅनिनोला दिसतो.

आता भाषा किती येते ते बघा, लोक इथेच आपटतात. लॅम्डा नाही, मेथड रेफरन्स नाही. जेनेरिक्स वाचतो पण नंतर विसरून जातो, म्हणजे लिस्ट ऑफ ट्रेड लिहिलंत तरी एरर नाही, पण त्यातून गेट केलं की हातात ऑब्जेक्टच येतो, ट्रेडचा कास्ट तुम्हीच टाकायचा. आणि तुमचा जनरेट केलेला क्लास जर जेनेरिक इंटरफेस इंप्लिमेंट करत असेल, समजा फंक्शन ऑफ ट्रेड कॉमा बिगडेसिमल (जावाचा अचूक दशांश आकडा), तर अप्लाय मेथड ट्रेड घेणारी लिहून भागत नाही, ऑब्जेक्ट घेणारी लिहावी लागते. जावॅक ती ब्रिज मेथड गुपचूप बनवून देतो, इथे ती आपणच लिहायची. कॅल्साइटवाल्यांनीही जॅनिनोसाठी ब्रिज मेथड स्वतःच जनरेट केल्यात, तेव्हा लाजायचं कारण नाही. माझा सल्ला, त्या भानगडीत पडूच नका, स्वतःचा बिनजेनेरिक इंटरफेस करा, चार्जरूल नावाचा, एकच मेथड, ट्रेड घेते बिगडेसिमल देते, विषय संपला.

कोड माणूस लिहिणार असेल तर या मर्यादा नक्की टोचतात. पण इथे कोड तुमचा प्रोग्रॅम लिहिणार, त्याला कास्ट टाकायचा कंटाळा येत नाही.

अजून एक, पैशाचं काम आहे म्हणून सांगतो. जावात बिगडेसिमलला गुणिले अधिक ही चिन्हं चालत नाहीत, मल्टिप्लाय आणि ॲडच लिहावं लागतं, आणि भागाकार असेल तर स्केल आणि राउंडिंग मोड द्यावाच लागतो, नाहीतर १ भागिले ३ सारखं काही आलं की रात्री दोन वाजता अरिथमेटिक एक्सेप्शन. म्हणजे एक्स्प्रेशनचा मजकूर उचलून जसाच्या तसा जावात टाकता येणार नाहीच, प्रत्येक नोडचं भाषांतर करावं लागेल. जॅनिनोच्या रेडीमेड एक्स्प्रेशन-इव्हॅल्युएटरला भुलू नका, डेमोला छान आहे. तुम्हाला सिंपलकंपायलर लागेल.

ऐरोली_नाइटशिफ्ट

जॅनिनो जॅनिनो सगळेच करतात, ईसीजेचं नाव कोणी घेत नाही म्हणून मी घेतो.

टॉमकॅटमध्ये (जावाचा वेब सर्व्हर) जेएसपी (वेबपानं) कंपाइल कोण करतं? ईसीजे. तिथे जेडीके लागत नाही हे त्याच कारणाने. म्हणजे रनटाइमला, सर्व्हरच्या आत, जेआरईवर, वर्षानुवर्षं चाललेला कंपायलर आहे हा, आणि भाषा पूर्ण येते, लॅम्डा जेनेरिक्स सगळं. उद्या तुमच्या रूलमध्ये स्ट्रीम हवा झाला, किंवा क्लायंटकडचा कोणी डेव्हलपर म्हणाला की मला थेट जावा लिहू द्या, तर जॅनिनोवाले काय करणार?

क्लास शोधायचं कामही जमतं. आयनेमएन्व्हायर्नमेंट नावाचा इंटरफेस आहे, त्याला विचारलं जातं की अमुक नावाचा टाइप आहे का, तुम्ही क्लासलोडरच्या गेटरिसोर्सॲजस्ट्रीमने डॉट-क्लास फाइलचे बाइट्स काढून द्यायचे. टॉमकॅटचा जेडीटीकंपायलर हा क्लास उघडून बघा, एकाच फाइलमध्ये सगळं आहे, मी तरी तो वाचूनच शिकलो.

वाईट गोष्टी पण सांगतो. एपीआयच्या पॅकेजच्या नावातच इंटर्नल आहे त्यामुळे बदललं तर ओरडायचं नाही. जार जॅनिनोपेक्षा बराच मोठा. लायसन्स ईपीएल, जॅनिनोचं बीएसडी, तुमच्या लीगलला फरक पडत असेल तर आधीच विचारा. आणि एक गंमत आहे ती माहीत नसेल तर फसाल: ईसीजेला सांगितलं तर तो एरर असलेल्या कोडचाही क्लास बनवून देतो, चुकलेल्या मेथडच्या जागी एक्सेप्शन फेकणारा कोड टाकतो. एक्लिप्समध्ये अर्धवट कोड रन होतो तो याच्यामुळेच. तुमच्या कामात हे बंदच पाहिजे, रूल सेव्ह करतानाच बोंब व्हायला हवी, रन मध्यात पोचल्यावर नाही.

अंधेरी_सीप्झ

वा, एवढं पटापट! धन्यवाद सगळ्यांना.

@जुना_जावावाला आमच्या रूलमध्ये लूप नाही, कलेक्शन नाही, फक्त कंडिशन, गणित आणि काही आमची फंक्शन्स (राउंड, मिन, मॅक्स, स्लॅब). म्हणजे जॅनिनो पुरेल असं वाटतंय. ब्रँचचं नाव, सेगमेंट, क्लायंट कॅटेगरी यांची तुलना स्ट्रिंगने होते, ती सरळ डबल कोट्समध्ये टाकून सोर्स बनवतोय, आत कोट आला तर एस्केप करतो. एवढं बस ना?

कुर्ला_कर्नल

नाही बस. थांबा जरा.

जावात यूनिकोड एस्केप हा स्ट्रिंगच्या आतला एस्केप नाहीये. बॅकस्लॅश-एनसारखे एस्केप लेक्सर स्ट्रिंग वाचताना बघतो, पण बॅकस्लॅश-यू-००२२ हे त्याच्याही आधी, अख्ख्या सोर्सवर, डबल कोटमध्ये बदललं जातं. म्हणजे ऑपरेशन्सच्या कोणी ब्रँचच्या नावाच्या खान्यात ती सहा अक्षरं टाईप केली, तुम्ही फक्त कोट शोधून एस्केप करताय, तुम्हाला कोट दिसलाच नाही, आणि कंपायलरच्या दृष्टीने तिथे स्ट्रिंग संपली. त्याच्यापुढे जे लिहिलंय तो आता कोड. रनटाइम-एक्झेक पण लिहिता येईल मग. आणि कॉमेंटमध्ये रूलचं नाव टाकत असाल, "हा कोड अमुक रूलसाठी बनवला" असं, तर तिथेही तीच गोष्ट, यू-०००ए टाकलं की नवी ओळ आणि कॉमेंट खलास.

आधी लोक म्हणायचे सिक्युरिटी मॅनेजर लावू. तो जावा १७ मध्ये डेप्रिकेट झाला आणि २४ मध्ये कायमचा बंद, त्याच्या भरवशावर नवीन काही बांधू नका.

एस्केपिंग नीट करण्यापेक्षा ती वेळच येऊ देऊ नका. युजरने लिहिलेलं एकही अक्षर सोर्समध्ये जाता कामा नये. स्ट्रिंग, आकडे, सगळे कॉन्स्टंट एका ॲरेत ठेवा, जनरेट केलेल्या क्लासच्या कन्स्ट्रक्टरला तो ॲरे द्या, सोर्समध्ये नुसतं "तिसरा कॉन्स्टंट" एवढंच. स्पार्कच्या जनरेटेड कोडमध्ये रेफरन्सेस नावाचा ऑब्जेक्ट ॲरे दिसेल तो असाच. फील्डची नावं आणि फंक्शन्स तुमच्या ठरलेल्या यादीतून, यादीत नसेल तर रूल सेव्हच होणार नाही.

याचा एक फायदा फुकटात मिळतो: ज्या रूल्समध्ये फक्त दर वेगळा आहे त्यांचा सोर्स अक्षरशः एकच निघतो, म्हणजे एकदाच कंपाइल करून वेगवेगळे ॲरे देऊन कितीही ऑब्जेक्ट बनवा. ब्रोकरेजमध्ये हे असंच असणार ना, प्रत्येक क्लायंटचा दर वेगळा पण फॉर्म्युला तोच?

अंधेरी_सीप्झ

बापरे. हो, फॉर्म्युले मोजकेच आहेत, दर भरमसाट. हे डोक्यातच आलं नव्हतं. ॲरेचं नक्की.

दादर_टर्मिनल

मी जरा उलट बोलतो, राग मानू नका. कोड जनरेट करायची गरज आहे का आधी?

प्रोफायलरमध्ये हॅशमॅप दिसतोय असं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. म्हणजे "ट्रेडव्हॅल्यू" हे नाव घेऊन प्रत्येक ट्रेडला मॅपमध्ये शोधताय. ते नाव पार्स करतानाच एकदा सोडवा, ट्रेडची गेटर मेथड लॅम्डा म्हणून नोडमध्ये ठेवा, आणि ट्रीच्या जागी एकात एक गुंतलेले लॅम्डा बनवा. कंपायलर नको, क्लासलोडर नको, सिक्युरिटीवाले खूश, डिबगरमध्ये ब्रेकपॉइंट पण लागतो. बऱ्याच ठिकाणी एवढ्यानेच काम भागतं आणि लोक उगाच बाइटकोडपर्यंत जातात. ग्राल नेटिव्ह इमेजवर (ॲप आधीच मशीन कोडमध्ये बदलून ठेवणं) जायचा विचार असेल तर तिथे रनटाइमला नवीन क्लास लोड करणं डीफॉल्टला असं चालत नाही, हे पण लक्षात ठेवा.

जुना_जावावाला

@दादर_टर्मिनल पहिल्या अर्ध्याशी सहमत, हॅशमॅप आधी काढा, ते तर कुठल्याही मार्गाने गेलात तरी करायचंच आहे.

पण लॅम्डांच्या ट्रीला छत आहे. हॉटस्पॉट (जावाचं व्हर्च्युअल मशीन) एका कॉलच्या जागी एक किंवा दोन प्रकारचे क्लास दिसले तर इनलाइन करतो, त्याच्या वर गेलं की प्रत्येक वेळी व्हर्च्युअल कॉल. तुमच्या "गुणाकार" नोडच्या आत डावी बाजू कधी फील्ड, कधी कॉन्स्टंट, कधी दुसरा गुणाकार, कधी स्लॅब, म्हणजे झालंच ते. जनरेट केलेल्या कोडमध्ये सगळं एका सरळ मेथडमध्ये असतं, जिटला (चालू असताना मशीन कोड बनवणाऱ्या भागाला) पूर्ण चित्र दिसतं. फरक किती पडेल तो तुमच्या रूलवर आहे, जेएमएचने (जावाचं वेग मोजायचं टूल) मोजा, आणि हो, मोजताना एकच रूल घेऊन मोजू नका, खऱ्या रनसारखे सगळे रूल मिसळून मोजा, नाहीतर लॅम्डावाला खोटा जिंकेल.

दादर_टर्मिनल

मान्य, मिसळून मोजायचं बरोबर आहे. बिगडेसिमलमध्येच इतका वेळ जात असेल की बाकीचं दिसणारच नाही असंही होऊ शकतं 🙂 म्हणून म्हणतो आधी लॅम्डा करून बघा, दोन दिवसांचं काम आहे.

मुलुंडची_मेटास्पेस

नावावरून कळलं असेल मी कशाबद्दल बोलणार 😄

कंपायलर कुठला यावर एवढी चर्चा झाली, पण प्रॉडमध्ये रडवतो तो कंपायलर नाही, कंपाइल झालेल्या क्लासचं पुढे काय होतं ते. क्लास एकटा कधीच अनलोड होत नाही, तो ज्या क्लासलोडरने लोड केला तो अख्खा लोडर मोकळा झाला तरच जातो. आणि लोडर मोकळा होणं म्हणजे त्याच्यातल्या एकाही क्लासचा एकही ऑब्जेक्ट कुठेही धरलेला नको. आपल्याकडे चाळीच्या रिडेव्हलपमेंटला एक भाडेकरू अडून बसला की बिल्डिंग पडत नाही, तसंच. आणि तो अडलेला भाडेकरू हमखास थ्रेडलोकलमध्ये किंवा कुठल्यातरी स्टॅटिक मॅपमध्ये सापडतो, कारण थ्रेड पूलमधले थ्रेड कधी मरतच नाहीत.

आधीच्या एका कंपनीत (नाव नको) रूल बदलला की नवा क्लास बनायचा, जुना तसाच राहायचा, कोणाला पत्ता नाही कारण दर आठवड्याला रिलीजच्या निमित्ताने रीस्टार्ट व्हायचा. मग एकदा रिलीज फ्रीझ आला, रीस्टार्ट बंद, आणि मेटास्पेस (क्लासची माहिती ठेवायची मेमरी) वर-वर चढत जाऊन आउट ऑफ मेमरी, तेही हीप (ऑब्जेक्टची मेमरी) अर्धा रिकामा असताना. सगळे हीप डंप उघडून हीपमध्येच शोधतायत.

तर हे करा. मॅक्समेटास्पेससाइज लावून ठेवा, डीफॉल्टला त्याला मर्यादाच नसते, कंटेनर मारला जाईल आणि लॉगमध्ये कारणही दिसणार नाही. जेसीएमडीला व्हीएम.क्लासलोडर_स्टॅट्स म्हणून कमांड आहे, त्यात किती लोडर जिवंत आहेत आणि कोण किती क्लास धरून बसलाय ते दिसतं, टेस्टला रूल पुन्हा पुन्हा बदलून जीसी (मेमरीची साफसफाई) करून तो आकडा खाली येतो का ते बघा. खाली येत नसेल तर पुढे जाऊच नका.

लोडर किती करायचे? एका रूलला एक केला तर सुटा सुटा काढता येतो पण लोडर फार होतात, सगळ्यांना एकच केला तर काहीच काढता येत नाही. टॉमकॅट प्रत्येक जेएसपीला वेगळा लोडर देतो म्हणूनच एक पान बदललं तर तेवढंच बदलतं. तुमच्याकडे कुर्ला_कर्नल म्हणाले तसे फॉर्म्युले मोजकेच असतील तर सोर्सचा हॅश ही कॅशची की, प्रत्येक सोर्सला आपला लोडर, काही बिघडत नाही. कॅशला कॉनकरंटहॅशमॅपचा कंप्यूटइफॲबसेंट वापरला की एकच सोर्स दोन थ्रेड एकदम कंपाइल करणार नाहीत.

जावा १५ पासून हिडन क्लास पण आहेत, ते लोडरशिवायही अनलोड होऊ शकतात. ऐकायला छान, पण स्टॅक ट्रेसमध्ये त्यांच्या फ्रेम डीफॉल्टला दिसतच नाहीत आणि दुसऱ्या क्लासला त्यांना नावाने हाक मारता येत नाही. तुम्हाला ट्रेस हवाय, म्हणून मी तरी साधा लोडरच घेईन.

अंधेरी_सीप्झ

ताई, जबरदस्त. हे कुठल्याच डॉक्युमेंटेशनमध्ये एका जागी नाही मिळालं.

एक शंका आहे. आमचे काही रूल अवाढव्य आहेत, एका जुन्या फ्रँचायझीचा स्लॅबचा रूल स्क्रीनवर स्क्रोल करून संपत नाही. एका मेथडला ६४ केबीची मर्यादा आहे ते माहितीये, तेवढा मोठा नाही होणार.

जुना_जावावाला

६४ केबीपर्यंत पोचायच्या आधीच वाट लागते. बाइटकोड ८००० बाइटांच्या वर गेला की हॉटस्पॉट ती मेथड जिटला देतच नाही, आयुष्यभर इंटरप्रिटरमध्ये चालते. एरर नाही, वॉर्निंग नाही, नुसती स्लो. म्हणजे ज्यासाठी हा सगळा उपद्व्याप केला तेच हातचं गेलं. एक फ्लॅग आहे हे बंद करायचा, उणे-डोन्टकंपाइलह्यूजमेथड्स, पण तो सगळ्या ॲपला लागतो, त्यापेक्षा जनरेटरमध्येच स्लॅबची प्रत्येक फांदी वेगळ्या प्रायव्हेट मेथडमध्ये टाका. छोट्या मेथड जिटला आवडतात. आणि कंपाइल झाल्यावर मेथडची साइज तपासून लॉग करा, एएसएम लायब्ररीने वाचता येते.

डिबगिंगसाठी जॅनिनोत सोर्स डिबगिंग एनेबल करायची सिस्टम प्रॉपर्टी आहे आणि डिरेक्टरी द्यायची दुसरी, त्या लावल्या की बनवलेला सोर्स फाइलमध्ये पडतो, इंटेलिजे त्यात शिरू शकतो. प्रॉडला नको, पण लोकलला नक्की लावा. प्रॉडला एरर आला तर ओळींच्या नंबरासकट सोर्स लॉग करा, स्पार्क तेच करतो.

ऐरोली_नाइटशिफ्ट

ठीक आहे, यांच्या रूलला जॅनिनो पुरेल, मी हट्ट सोडतो. पण एक करा, जॅनिनोला थेट चिकटू नका. त्याच्याच बरोबर कॉमन्स-कंपायलर नावाचा इंटरफेसचा जार येतो, त्याच्यामागे जॅनिनो किंवा जेडीकेचा जावॅक दोन्ही लावता येतात, कोड तोच. सीआयवर (आपोआप बिल्ड आणि टेस्ट होतात तिथे) जावॅक लावा, तिथे जेडीके असतोच, प्रॉडला जॅनिनो. तुमचा जनरेटर काहीतरी असं बनवत असेल जे जॅनिनो खपवून घेतो पण ते खरं जावा नाहीये, तर सीआयवर पकडलं जाईल. आणि उद्या जॅनिनो सोडायची वेळ आली तर त्रास कमी.

अंधेरी_सीप्झ

तर शेवटी असं ठरवलं: आधी फील्ड शोधणं सुधारायचं आणि लॅम्डाचा ट्री, तो तर जातोच आहे या स्प्रिंटमध्ये (दादरकरांचं ऐकलं). त्याने रात्रीचा रन आटोक्यात आला नाही तर जॅनिनो, कॉमन्स-कंपायलरच्या मागे, कॉन्स्टंट ॲरेतून. टेक लीडला हा धागाच पाठवला, तो म्हणाला मीटिंगपेक्षा बरं आहे हे.

एकच प्रश्न राहिला. जुन्या तारखेचे ट्रेड पुन्हा चालवावे लागतात कधी कधी, दुरुस्ती आली की. ३० सप्टेंबर २०२४ चा ट्रेड आज चालवला तरी त्याला ०.०६२५ च लागला पाहिजे.

मुलुंडची_मेटास्पेस

तारीख जनरेट केलेल्या कोडमध्ये घालू नका म्हणजे झालं. "ट्रेडची तारीख अमुक असेल तर हा दर" अशी कंडिशन रूलमध्येच वाढवत गेलात तर दोन वर्षांत तो ८००० बाइटवाला रूल तयार. कुठल्या तारखेला कुठलं रूल व्हर्जन लागू हे बाहेर ठरवा, ट्रेडच्या तारखेवरून, आजच्या तारखेवरून नाही. व्हर्जनला त्याचा कॉन्स्टंट ॲरे जोडलेला असेल. एसटीटीच्या केसमध्ये फॉर्म्युला बदललाच नाहीये, दर बदललाय, म्हणजे दोन्ही तारखांना क्लास एकच, ॲरे दोन. जुनं व्हर्जन लागलं तर तेव्हा बनवा, कॅशमध्ये कायम धरून ठेवायची गरज नाही.

कुर्ला_कर्नल

आणि जुना ट्री चालवणारा कोड फेकून देऊ नका. जनरेट केलेला क्लास कंपाइल झाला नाही तर त्याच्यावर परत जाता येतं, स्पार्कपण असंच परत इंटरप्रिटरवर जातो. शिवाय सुरुवातीला काही दिवस दोन्ही बाजूंनी चालवून उत्तरं ताडून बघता येतील.

ताडताना बिगडेसिमलला इक्वल्स लावू नका, कम्पेअरटू लावा. इक्वल्सला २०.० आणि २०.०० वेगळे वाटतात, पहिल्याच रात्री सगळा रिपोर्ट लाल होईल आणि सगळे जनरेटरमध्ये बग शोधत बसतील.

अंधेरी_सीप्झ

हाहा, आमच्या आत्ताच्या युनिट टेस्टमध्ये सगळीकडे इक्वल्सच आहे. आज तेच बदलून घरी जातो, ९:१० ची स्लो मिळाली तर.